वाळू आणि मुरमाच्या उपशानंतर नदीचा काठ पुन्हा पुन्हा ढासळत असेल तर काय तपासावे

पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या दोन्ही थड्यांवर, शेवगाव-गेवराई आणि अंबड-घनसावंगी या पट्ट्यात मी गेली चौदा वर्षे काठ-दुरुस्तीची कामे करतो आहे. दरवर्षी पूर ओसरला की त्याच आशयाचे फोन येतात: मागच्या वर्षी दगड टाकले होते, यंदा दगडांसकट काठ गेला. जागा बदलते, शेतकरी बदलतो, पण दोष बहुतेक वेळा तोच निघतो. काठ वर ढासळलेला दिसतो म्हणून खर्च वर केला जातो आणि खाली पात्रात पडलेला खड्डा कोणी मोजतच नाही. म्हणून लक्षणे कशी ओळखावीत आणि कोणत्या क्रमाने तपासणी करावी, हे सविस्तर लिहीत आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना एक दोरी, एक टेप आणि अर्धा दिवस पुरतो.

लक्षणे

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच आणि त्या जाळीसारख्या सगळ्या शेतभर असतात. त्यांची चिंता नाही. धोक्याची भेग वेगळी असते. ती एकटी, लांब, काठाला समांतर आणि धनुष्यासारखी किंचित वाकलेली असते, आणि तिच्या नदीकडच्या बाजूची जमीन अर्धा-एक बोट खाली बसलेली असते. ही पायरी डोळ्यांना दिसण्याआधी अनवाणी पायाला कळते.

दुसरे लक्षण पाण्याच्या मोटारीचे आहे. फूट व्हॉल्व, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपच्या टोकाची झडप, पूर्वी उन्हाळ्यातही पाण्यात असे आणि आता पाइपला तुकडा जोडूनही हवेत लोंबकळतो, तर नदीचे पाणी कमी झाले असे लगेच समजू नये, कारण पात्राचा तळच खाली गेलेला असू शकतो. काठालगतच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ गाठू लागणे, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूची फरशी उघडी पडून तिच्याखाली पोकळी दिसणे आणि काठावरच्या बाभळी-करंजांची मुळे लोंबू लागून झाडे नदीकडे कलणे, या खुणा बहुधा याच कारणाच्या असतात.

तिसरी खूण पाण्यालगत दिसते. वरची माती जागेवर असते, पण खालचा वाळूचा किंवा मुरमाचा थर आत कोरला जाऊन कपार तयार झालेली असते. कपारीखाली कधीही उभे राहू नये. काळ्या मातीची दरड पडण्यापूर्वी आवाज करत नाही आणि पडायला दोन-तीन सेकंद लागतात.

नदीलगत मुरमाची किंवा गोटे-रेतीची खाण असेल, तर खाणीच्या नदीकडच्या भिंतीवर ओला पट्टा दिसतो. त्या पट्ट्यातून झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघून लिहून ठेवावे. पुढे त्याचे काम पडते.

असे का होते

पात्रातून दोन मीटर वाळू निघाली की पाच मीटरचा काठ प्रत्यक्षात सात मीटरचा होतो. माती तीच राहते, तिचा चिकटपणा तोच राहतो, पण तिने पेलायची उंची वाढलेली असते. शिवाय खड्ड्याच्या वरच्या अंगाला प्रवाहाला अचानक उतार मिळतो, तिथे पाणी तळ खात खात वरच्या दिशेने सरकते, आणि उपसा झालेल्या जागेपासून बऱ्याच अंतरावर, जिथे कोणी फावडेही लावले नाही, तिथला काठ उभा फाटतो. खालच्या अंगालाही सुख नसते. वरून येणारी वाळू आधी खड्ड्यात बसते आणि पुढे गेलेले रिकामे पाणी आपली भूक तळातून आणि काठातून भागवते.

आमच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, तेव्हापासून वरून येणारी बरीचशी वाळू नाथसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयातच बसते. सिंदफणेसारखी मोठी उपनदी तर थेट खाली मंजरथजवळ येऊन मिळते. त्यामुळे मधल्या पट्ट्यातली वाळू हा बव्हंशी जुना साठा आहे. एकदा काढला की तो खड्डा दुसऱ्या पावसाळ्यात आपोआप भरून येईल, हा हिशेब धरणाखालच्या नदीत चालत नाही.

पहिली तपासणी: काठ नेमका कधी पडला?

हिला एक पैसाही लागत नाही. शेजारच्या शेतकऱ्यांना, मासेमारी करणाऱ्यांना, मोटारीवर रात्री मुक्कामाला असणाऱ्यांना विचारावे. काठ पूर चढताना पडला, की पूर उतरल्यावर पडला?

चढत्या पुरात पडला असेल, तर प्रवाहाचा मारा पायथ्यावर आहे आणि उपाय पायथ्याला करावा लागेल. पण धरणाखाली राहणाऱ्यांचा अनुभव बहुधा उलटा असतो. विसर्ग चालू असताना काठ आठवडाभर पाण्यात उभा राहतो, माती आतपर्यंत भिजते, मग दरवाजे बंद होतात आणि नदीची पातळी एक-दोन दिवसांत झपाट्याने खाली येते. बाहेरच्या पाण्याचा आधार गेलेला असतो, पण मातीतले पाणी इतक्या लवकर बाहेर पडू शकत नाही. ते जड झालेले ओझे मग उघड्या हवेत, कोरड्या उन्हात खाली येते. अशा ठिकाणी नुसते दगड रचून उपयोग होत नाही. मातीतल्या पाण्याला वाट आणि काठाला उतार द्यावा लागतो. विसर्ग थांबल्यावरचे पहिले तीन-चार दिवस काठापासून लांब राहावे, गुरेही नेऊ नयेत.

दुसरी तपासणी: काठावर काय ठेवले आहे?

काठाच्या कडेपासून दहा-पंधरा मीटरच्या पट्ट्यात सावकाश चालावे. वाळूचा ढीग, खाणीतून काढलेली वरची माती, डंपरचा रस्ता, पाण्याची टाकी, जे काही असेल ते वहीत लिहावे. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एवढ्या कोरड्या वाळूचे वजन साधारण साडेचार टन भरते. काठावर ५० ब्रासचा ढीग मारला, तर सव्वादोनशे टनांचे ओझे भेगाळलेल्या मातीवर ठेवल्यासारखे आहे, आणि पाऊस पडला की ते आणखी वाढते. ढीग हलवणे हा या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि मी पाहिलेल्या कित्येक ठिकाणी तेवढ्यानेच भेग वाढायची थांबली आहे.

ओझ्याइतकेच पाण्याकडे बघावे. उसाला पाटाने दिलेले पाणी कडेपर्यंत जात असेल, तर ते रोज भेगेत उतरते. शेतातले पावसाचे पाणी एका कोपऱ्यातून काठावरून खाली पडत असेल, तर तिथे ओघळ पडतो आणि ओघळाच्या दोन्ही बाजू ढासळतात. कडेपासून किमान पाच मीटर आत लहानसा मातीचा बांध घालावा, पाणी एका जागी आणावे आणि तिथून पाइपने थेट पायथ्यापर्यंत सोडावे. पाइपच्या तोंडाखाली दगड अंथरायला विसरू नये. वाळू वाहण्यासाठी काठ कापून केलेला उतार-रस्ता हाही असाच ओघळ असतो. काम संपल्यावर तो तसाच उघडा सोडून देतात आणि पुढच्या पुरात नदी त्या दारातून शेतात शिरते. असा रस्ता थराथराने दाबून बुजवल्याशिवाय पावसाळा येऊ देऊ नये.

तिसरी तपासणी: भेग जिवंत आहे का?

भेगेच्या दोन्ही अंगांना, प्रत्येकी एक हात अंतरावर, लाकडी खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर खिळा मारावा आणि दोन खिळ्यांमधले अंतर टेपने मिलिमीटरपर्यंत मोजून तारखेसह लिहावे. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. ती चिकणमातीने ठासून बुजवावी आणि वरून उंचवटा करावा म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. अंतर वाढत असेल, तर भेग बुजवून काहीही साधत नाही, कारण खालची घसरण चालूच असते. आणि एका दिवसात टेपवर फरक दिसला, तर मोजणी तिथेच थांबवून माणसे, गुरे आणि मोटार तिथून हलवावीत.

चौथी तपासणी: पात्राचा तळ किती खाली गेला आहे?

या तपासणीसाठी कितीही वेळ गेला तरी तो द्यावा, कारण पुढचा सगळा खर्च हिच्यावर ठरतो आणि नेमकी हीच वगळली जाते.

आधी एक न हलणारी खूण शोधावी. बंधाऱ्याची फरशी, जॅकवेलचा (नदीतून पाणी उचलण्याच्या विहिरीचा) कठडा, पुलाच्या खांबावरचे जुने आकडे, काहीही चालेल. त्या खुणेपासून पारदर्शक नळीत पाणी भरून, जशी घराच्या पायासाठी लेव्हल घेतात तशी, काठाच्या कडेवर पातळी आणावी. मग दर वीस मीटरवर काठाची उंची, पायथ्याची पातळी आणि पायथ्यापासून पाच-पाच मीटरवरच्या तळाची पातळी घ्यावी. पाणी असेल तिथे नाड्याला पाचेक किलोचा दगड बांधून, नाड्यावर दर अर्ध्या मीटरला गाठ मारून होडीतून खोली घ्यावी. खड्ड्यात उतरून खोली मोजू नये. वाळूच्या खड्ड्याची कड पाण्याखाली उभी असते, पाय ठेवताच ती सुटते आणि पट्टीचा पोहणाराही अशा ठिकाणी बुडाला आहे.

ढासळलेल्या जागेपुरते मोजून थांबू नये. वर आणि खाली किमान एक किलोमीटर चालावे. घनसावंगीच्या बाजूला एका शेतात तीन वर्षे लागोपाठ दोन-दोन गुंठे जमीन जात होती. शेतासमोर पात्रात खड्डा नव्हता, उपसा नव्हता, म्हणून सगळे जण नदीला दोष देत होते. मार्चमध्ये पाणी आटल्यावर आम्ही खाली चालत गेलो, तेव्हा सुमारे सातशे मीटरवर पात्राच्या आडवी, कमरेएवढी उंच, ताजी तुटलेली पायरी दिसली. तिच्या कडेला पिवळसर मुरूम उघडा पडला होता आणि बारीक धारेने पाणी तो खात होते. खालच्या खड्ड्यापासून निघालेली ती पायरी दर पुरात वर सरकत होती आणि शेतासमोरचा तळ आधीच मीटरभर उतरला होता. शेतात कितीही दगड टाकले असते तरी ते खाली गेले असते. त्या पायरीवर मोठ्या दगडांचा आडवा पट्टा टाकून ती थांबवल्यावरच वरचा काठ स्थिरावला, आणि ते काम जलसंपदा विभागाच्या परवानगीने व अभियंत्याच्या आराखड्याने झाले.

पाचवी तपासणी: प्रत्यक्ष उपसा परवानगीप्रमाणे झाला आहे का?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१६ साली शाश्वत वाळू उत्खननाची आणि २०२० साली अंमलबजावणी व देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतली काठाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की उत्खनन तीन मीटरपेक्षा खोल नसावे, आणि काठापासून नदीच्या रुंदीच्या एक चतुर्थांश, पण कमीत कमी साडेसात मीटर अंतर सोडावे. पावसाळ्यात पात्रातला उपसा बंद ठेवायचा असतो. पूल, बंधारे आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून किती अंतर राखायचे, ते त्या वाळूगटाच्या, म्हणजे उपशासाठी दिलेल्या पात्राच्या तुकड्याच्या, पर्यावरण अनुमतीत लिहिलेले असते. ती प्रत तहसील कार्यालयात मागता येते.

हे आकडे हवेतले नाहीत. नदीची रुंदी २०० मीटर असेल, तर दोन्ही काठांना ५०-५० मीटर वाळू राहते, आणि तीच वाळू काठाच्या पायथ्याला टेकू देते. पायथ्यालगतची वाळू स्वच्छ आणि रस्त्याला जवळ असते म्हणून आधी तिलाच हात लागतो. आपल्या चौथ्या तपासणीतली मोजमापे या आकड्यांशेजारी मांडावीत. खोली किंवा अंतर मोडलेले दिसले, तर तारीख आणि स्थान असलेली छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननावर बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रात्री एकट्याने जाऊन डंपर अडवू नयेत, हे मी कळकळीने सांगतो. जमीन पुन्हा मिळवता येते.

सहावी तपासणी: खाण आणि नदी यांच्यामधला पट्टा

मुरमाची किंवा रेतीची खाण नदीपात्राबाहेर असली तरी काठाला तिचा धोका असतोच. खाणीतले पाणी उपसून तळ कोरडा ठेवला, तर नदी आणि खाण यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक राहतो. पूर मधल्या पट्ट्यावरून ओसंडला की ते पाणी धबधब्यासारखे खाणीत पडते, पट्टा खाणीच्या बाजूने मागे मागे तुटत जातो आणि काही तासांत नदी आपला प्रवाहच खाणीत वळवते. एकदा असे झाले की नदीला मूळ जागी आणणे कोणत्याही शेतकऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या आवाक्यातले नसते.

म्हणून ओल्या पट्ट्याची आपण करून ठेवलेली नोंद आता काढावी. पाणी स्वच्छ असेल, तर झिरपण चालू आहे, पण माती जागेवर आहे. खाणीच्या भिंतीला उतार देऊन पायथ्याशी जाडसर वाळू आणि त्यावर खडी पसरावी, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती आत अडेल. पाणी गढूळ असेल, तर आत माती वाहून नळी तयार होत आहे. त्या दिवशी काम बंद करावे, यंत्रे वर काढावीत आणि घाईने पाणी उपसण्याऐवजी खाणीतली पातळी वाढू द्यावी, कारण दोन पातळ्यांमधला फरक कमी करणे हाच त्या क्षणी हातात असलेला उपाय आहे.

पावसाळ्यापूर्वी खाणीचा पंप बंद करून ती भरू देणेही त्याच कारणासाठी हिताचे ठरते. मोठ्या खाणीत मधल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, दगडांनी पक्की केलेली एक बुटकी वाट मुद्दाम ठेवतात. पूर तिथून सावकाश आत येतो आणि पट्ट्यावरून ओसंडण्याआधी दोन्हीकडची पातळी सारखी होते. ही वाट कुठे आणि किती रुंद असावी, हे अंदाजाने ठरवू नये.

सातवी तपासणी: उतार आणि मुळे

तळ स्थिर आहे आणि ओझे हटवले आहे अशी खात्री झाल्यावरच हे काम घ्यावे. काळ्या मातीचा उभा काठ कोरडा असताना भिंतीसारखा उभा दिसतो, पण भिजल्यावर तो तसा राहत नाही. उंचीच्या दुप्पट आडवे अंतर, एवढा उतार मी किमान धरतो. चार मीटर उंचीला आठ मीटर जमीन जाते, म्हणजे पन्नास मीटर लांबीला सुमारे चार गुंठे. ही गोष्ट शेतकऱ्याला सांगणे सोपे नसते, कारण त्या चार गुंठ्यांत उभा ऊस असतो. पण एका पुरात तेवढीच जमीन जाते आणि उरलेला काठ पुन्हा उभाच राहतो, म्हणून मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो.

उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी लावाव्यात. ठोंब एकमेकांपासून वीतभराच्या आत असावेत आणि लागण जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर व्हावी. वाळ्याची मुळे सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. पाण्यालगत वाळुंज आणि निरगुडी लावावी. दोन्ही नदीकाठचीच आहेत, फांदीपासून येतात आणि पुरात वाकतात पण मोडत नाहीत. उतारावर मोठी जड झाडे लावू नयेत, ती कडेपासून आत ठेवावीत. बेशरमीवर तर अजिबात विसंबू नये. ती झपाट्याने पसरते, पण तिच्या मुळांना खोली नसते. मुळांच्या खाली तळ कोरला जात असेल, तर कोणतीच लागवड टिकत नाही.

आठवी तपासणी: पायथ्याचे दगडकाम

हे सर्वांत खर्चिक असल्यामुळे शेवटी लिहिले आहे. जुने दगडकाम पडले असेल, तर ते कसे पडले ते आधी बघावे. जाळीच्या पेट्या पुढे कलून पात्रात झुकल्या असतील, तर त्यांच्या पायाखालचा तळ गेला आहे. पेट्या जागेवर उभ्या असून मागे पोकळी पडली असेल, तर दगडांच्या फटींतून माती शोषली गेली आहे.

दुसरी चूक माझ्या हातूनही झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका ठिकाणी मी पेट्यांच्या मागे गाळणीचे कापड न घालता थेट काळी माती भरली. पेट्या उत्तम उभ्या होत्या, पण दोन पावसाळ्यांनी त्यांच्या मागे हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढी पोकळी झाली आणि वरची जमीन बसली. नुकसान त्या कुटुंबाचे झाले. तेव्हापासून जिओटेक्सटाइलचे कापड, किंवा ते परवडत नसेल तर जाड वाळू आणि त्यावर खडी असे दोन थर, हे पूर्ण झाल्याशिवाय मी एकही पेटी भरू देत नाही. पेट्यांच्या पुढे पात्रात दगडांचा सैल गालिचाही हवा. तळ कोरला गेला की हे दगड खाली घसरून उतार झाकतात आणि पेटीचा पाया वाचतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

काठाची उंची पाच मीटरपेक्षा जास्त असेल, भेग वाढती असेल, खाणीत गढूळ पाणी येत असेल, पात्रात वर सरकणारी पायरी सापडली असेल, किंवा काठाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात घर, विहीर, रस्ता अथवा विजेचा खांब असेल, तर पहिल्या तीन तपासण्यांच्या पुढे स्वतः जाऊ नये. माती आणि पायाच्या कामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता बोलवावा. त्याला आपली वही, टेपची मोजमापे आणि नळीने आधीच पातळ्या घेतल्या असतील तर त्याही द्याव्यात, कारण त्यांमुळे त्याचा दिवस आणि आपला खर्च वाचतो. विजेच्या खांबासाठी आधी महावितरणला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. पूल किंवा बंधारा जवळ असेल, तर तो ज्या विभागाचा आहे त्याला लेखी कळवणे आपले कामच आहे.

पात्रात दगड टाकणे, खड्डा बुजवणे किंवा प्रवाह वळवणे यांपैकी काहीही जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय करू नये. एका काठावर पुढे आलेले दगडकाम पाणी समोरच्या थडीवर फेकते आणि आपला काठ वाचवताना समोरच्याचे शेत जाते. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराच्या पाण्यासाठी मोकळी ठेवायची म्हणून आखलेल्या हद्दीच्या, आत कायमचे बांधकाम तर मुळीच करू नये.

दुरुस्ती झाल्यावर त्याच खुणेपासून, त्याच वीस-वीस मीटरवरच्या पातळ्या वर्षातून दोनदा घ्याव्यात: एकदा मे महिन्याच्या शेवटी आणि एकदा पाणी पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास. मी प्रत्येक शेतकऱ्याला त्यासाठी रेघी वहीचे एक पान आखून देतो. मे महिन्याच्या आकड्यापेक्षा दिवाळीचा आकडा वीतभर खाली गेलेला दिसला, तर काठावर काहीही दिसत नसले तरी मला फोन करा, असे त्या पानावर खाली लिहिलेले असते.